दिवाबत्तीची तजवीज

आश्विन महिन्यात, इंद्रायणी भाताच्या लोंब्या दाण्याने भरून वाकू लागल्या असता, सोमाटणे फाट्याकडून परंदवडीकडे येणाऱ्या रस्त्याने सायंकाळी पायी निघावे, आणि दिवस मावळल्यावर पूर्वेच्या अंगाला, जिथे एरवी द्रुतगती महामार्गावरील मोटारींच्या दिव्यांची एक सरकती रेघ तेवढी दिसते, तिथे काळोखावर पांढऱ्या उजेडाची आभा पसरलेली दिसावी. मग वाटेत भेटणाऱ्या कोणालाही काही विचारावे लागत नाही. गहुंज्याला म्याच आहे, एवढे त्या उजेडावरूनच कळते. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी, ऐन नवरात्रात, विश्वचषकातील भारत आणि बांगलादेश यांचा सामना तिथे रंगला आणि विराट कोहलीने शतक पुरे करून तो संपवला. त्या स्पर्धेतील आणखी चार सामने नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत याच मैदानावर झाले. अफगाणिस्तान, श्रीलंका, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, नेदरलँड्स, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, इतक्या देशांची निशाणे मावळातल्या एका गावाच्या शिवारात त्या चार आठवड्यांत फडकून गेली. पुढे दिवाळी आली, भात कापून खळ्यावर आले आणि तो उजेड विझला.

परंदवडीच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात कोणत्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेची नोंद असण्याचे कारण नाही. परंतु मोठ्या स्पर्धा आपल्या मागे काय ठेवून जातात, या प्रश्नाचा शोध घेण्यास या गावाहून सोयीची जागा मला दुसरी सुचत नाही. कारण काही किलोमीटरांवर गहुंज्याचे क्रिकेट स्टेडियम, त्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर बालेवाडीची श्रीशिवछत्रपती क्रीडानगरी, आणि अगदी अलीकडे, २०२६ च्या जानेवारीत, याच मुळशी-मावळच्या डोंगररस्त्यांवरून धावून गेलेली आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत, असे तीन प्रकारचे वारसे इथून एका दिवसाच्या फेरीत डोळ्यांखालून घालता येतात. तिघांची कुळी वेगळी, वय वेगळे आणि प्रकृतीही वेगळी.

या तिघांकडे पाहताना मला वारंवार आठवतात ती जुन्या देवस्थानांची इनामपत्रे. येथून वाहत जाणारी पवना पुढे चिंचवडला मोरया गोसाव्यांच्या समाधीपाशी पोहोचते. त्या चिंचवडच्या देव संस्थानाला निरनिराळ्या राजवटींकडून गावांची इनामे मिळाली होती, हे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. अशा सनदांतून मंदिर बांधण्याचा खर्च क्वचितच येतो. वारंवार येतो तो नैवेद्य, पूजा आणि दिवाबत्ती यांचा उल्लेख. देवळाचा चिरा बसवण्यास एकदाच द्रव्य लागते, नंदादीपाला मात्र रोज तेल लागते, आणि ते तेल कोणत्या गावाच्या महसुलातून, कोणत्या हक्काने, पुढे वंशपरंपरेने यावे, याचा बंदोबस्त करून मगच सनदेवर शिक्का उमटवावा, अशी त्या काळच्या कारभाऱ्यांची दृष्टी होती. आजच्या क्रीडास्पर्धांच्या अंदाजपत्रकात चिऱ्याचे कलम ठसठशीत असते. दिवाबत्तीचे कलम मी शोधत आलो आहे.

गहुंज्याच्या स्टेडियमची जन्मकथा पुण्याच्या स्वारगेटपासून सुरू होते. महापालिकेच्या मालकीच्या नेहरू स्टेडियमवर २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाच्या हौशी खेळाडूंनी वेस्ट इंडीजचा ७३ धावांनी पराभव केला. १६६ धावा करणाऱ्या केनियाने लारा, रिचर्डसन यांच्या संघाला अवघ्या ९३ धावांत गुंडाळले, आणि विश्वचषकाच्या इतिहासातील एका अत्यंत अनपेक्षित निकालाला पुणे हे नाव कायमचे चिकटले. याच मैदानावर २००३ साली न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा सामना पाहण्यास आणलेल्या एका लहान मुलाला ब्रेंडन मॅक्युलमची फलंदाजी पाहून या खेळाचे वेड लागले. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत, पवनेच्याच काठच्या वस्तीत, शिकून पुढे तो ऋतुराज गायकवाड म्हणून भारताकडून खेळला. जमाखर्चाच्या कोणत्याही वहीत ही नोंद सापडणार नाही, तरी नेहरू स्टेडियमवरील त्या एका दिवसाचे हे उत्पन्न मी फार मोठे मानतो.

पण मैदान एकाचे आणि खेळ दुसऱ्याचा, ही व्यवस्था टिकली नाही. तिकिटे आणि पास यांच्या वाटपावरून महापालिका आणि क्रिकेट संघटना यांच्यात कुरबुरी होत राहिल्या, आणि संघटनेने शहराबाहेर स्वतःचे मैदान बांधण्याचे ठरवले. मुंबईत हे आधीच घडून गेले होते. ब्रेबोर्नच्या मालकांशी जागांच्या वाटणीवरून वाद झाला म्हणून शेषराव वानखेडे यांनी त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभे केले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीने ते वापरात आले. एका वादाचे पर्यवसान दोन इमारतींत व्हावे आणि पुढे दोन्हींच्या दिवाबत्तीचा भार समाजाने वाहावा, हे आपल्याकडे दोनदा घडले. फरक इतकाच की मुंबईत दुसरी इमारत आगगाडीच्या स्थानकाजवळ राहिली, आणि पुण्यात ती द्रुतगती महामार्गाच्या कडेला, शेतांच्या मध्ये जाऊन बसली.

१ एप्रिल २०१२ रोजी गहुंज्याच्या स्टेडियमचे उद्घाटन झाले. आराखडा लंडनच्या हॉपकिन्स या वास्तुविशारद संस्थेचा. सामना संपल्यावर पायऱ्यांवरून उतरताना सभोवारच्या टेकड्या एका दृष्टिक्षेपात दिसतात, इतकी त्याची बैठक देखणी आहे, आणि या देखणेपणाची मी मनापासून कदर करतो. एका मोठ्या उद्योगसमूहाचे नाव त्याला मिळाले आणि ठरलेली रक्कम न आल्याने ते नाव उतरवलेही गेले. बांधकामासाठी घेतलेले कर्ज थकले आणि २०१८ च्या आरंभी धनको बँकेने स्टेडियमचा प्रतीकात्मक ताबा घेतल्याची नोटीस लागली. ज्या वास्तूवर वर्षभर आधी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी झाली आणि स्टीव्ह ओकीफच्या १२ बळींपुढे भारत ३३३ धावांनी हरला, त्या वास्तूच्या दारावर कर्जाच्या तगाद्याचा कागद यावा, यात मैदानाचा काही दोष नव्हता. बांधणाऱ्यांनी चिऱ्याचा हिशेब केला होता. तेलाचा हिशेब पुढे येणाऱ्या सामन्यांवर सोडला होता, आणि सामने तर कोणाच्या मर्जीने कुठे जातील याचा नेम नसतो.

तेलापेक्षाही बिकट प्रश्न पाण्याचा आहे, आणि इथे परंदवडीचा माणूस गप्प राहू शकत नाही.

पवना धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून पवन मावळातल्या गावांच्या कडेने वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून पिंपरी-चिंचवड शहर ते उचलते. हे पाणी धरणापासूनच बंद जलवाहिनीने शहरात न्यावे, अशी योजना आखली गेली तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या महामार्गाच्या कडेला आठच महिन्यांनी स्टेडियमचे उद्घाटन झाले. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा माझा हेतू नाही, तो नाहीही. परंतु ज्या खोऱ्यात पाण्याच्या एका योजनेपायी माणसे गेली, त्या खोऱ्यात हिरवळीच्या प्रत्येक शिंपणाकडे लोक कोणत्या डोळ्यांनी पाहतात, हे बाहेरून सामना पाहण्यास येणाऱ्याला ठाऊक असावे, असे मला वाटते.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मराठवाडा तहानेने व्याकूळ झाला होता. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातूरच्या स्थानकात आली, आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा हुकूम दिला. पुण्याचा संघ आपले गहुंज्याचे सामने घेऊन विशाखापट्टणमला गेला. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याहून विलक्षण योग आला. कावेरीच्या पाणीवाटपावरून तमिळनाडूत उसळलेल्या आंदोलनामुळे चेन्नईच्या संघाचे सामने तिथून उठून गहुंज्याला आले, आणि ते इथे पोहोचतात न पोहोचतात तोच, क्रिकेट संघटनेने स्टेडियमसाठी पवनेचे पाणी उचलण्यास उच्च न्यायालयाने मनाई केली. एका नदीच्या भांडणातून निघालेला खेळ दुसऱ्या नदीच्या दाव्यात येऊन उभा राहिला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये, न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी, छप्पर नसलेल्या सज्जांत उन्हाने होरपळलेल्या प्रेक्षकांना पिण्याचे पाणी पुरले नाही म्हणून संघटनेला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. नदीच्या खोऱ्यात बांधलेल्या, सदतीस हजारांहून अधिक माणसे बसतील अशा वास्तूत तांब्याभर पाण्याची तजवीज राहून जावी, याची खंत मला त्या कसोटीतील पराभवापेक्षा अधिक वाटली.

गहुंज्याविषयी इतके लिहून झाल्यावर हेही लिहिले पाहिजे की २०२३ पासून तिथे महाराष्ट्र प्रीमियर लीगचे सामने होऊ लागले, रणजीचे सामने होतात, आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतली पोरे त्या हिरवळीवर पाऊल ठेवतात. मोठा सामना असला की आसपासच्या शेतांत मोटारी उभ्या करण्यास जागा देऊन काही घरांना दोन पैसे मिळतात, वडापावच्या गाड्या लागतात, आणि महामार्गावरून उतरणाऱ्या रस्त्यावर तासन् तास वाहने खोळंबतात. बेगडेवाडी आणि देहूरोड ही लोकलची स्थानके जवळ असूनही रात्री उशिरा सुटणाऱ्या गर्दीसाठी नियमाने वाहनांची सोय व्हावी, ही साधी मागणी वर्षानुवर्षे तशीच आहे.

बालेवाडीची प्रकृती निराळी आहे, आणि माझा जीव तिच्यात अधिक गुंततो. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा मुंबई आणि पुणे येथे व्हावयाच्या ठरल्या तेव्हा म्हाळुंगे-बालेवाडीच्या शेतजमिनीवर, मुळेच्या काठी, ही क्रीडानगरी थोड्या काळात उभी राहिली. त्या स्पर्धेत यजमान महाराष्ट्र पदकतालिकेत पहिला आला. त्या वेळी बालेवाडी म्हणजे पुण्याच्या वेशीबाहेरचे खेडे होते. आज तिच्या सभोवार मनोऱ्यांची दाटी आहे, आणि ज्यांच्या सातबाऱ्यावरून त्या जमिनी उतरल्या त्यांच्या नातवंडांना त्याच परिसरात घर घेणे परवडते की नाही, हा प्रश्न क्रीडाखात्याच्या दप्तरात बसणारा नसला तरी वारशाच्या हिशेबात बसणारा आहे.

चौदा वर्षांनी, १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात, तिथे तिसरी युवा राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाली. ७१ देशांचे खेळाडू, नऊ खेळ, जिगर नावाचा वाघ हे बोधचिन्ह, आणि भारताची ३३ सुवर्णपदकांसह एकूण ७६ पदके. पुण्याचे रस्ते त्या निमित्ताने खणले गेले, रुंद झाले, काही वेळेवर झाले आणि काही झाले नाहीत. वर्तमानपत्रांचे रकाने त्यांनी भरले. ते रकाने आता पिवळे पडले आहेत. मला त्या सप्ताहातील दोन मुली आठवतात. बॅडमिंटनचे सुवर्णपदक सायना नेहवाल या अठरा वर्षांच्या मुलीने जिंकले. नेमबाजीत कोल्हापूरच्या राही सरनोबतने पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले, आणि दहा वर्षांनी, २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत, २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकून, आशियाडमध्ये नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.

स्पर्धा आटोपली तरी बालेवाडीचे नेमबाजी संकुल बंद पडले नाही, आणि माझ्या मते या साऱ्या कहाणीचा गाभा तिथेच आहे. नेमबाजीचे संकुल म्हणजे चार भिंती नव्हेत. लक्ष्य दाखवणारी यंत्रे रोज तपासावी लागतात, प्रकाश सम राखावा लागतो, काडतुसांचा परवाना आणि साठा यांचा कारभार कायद्याच्या चौकटीत चालवावा लागतो, आणि सकाळी सहाला कुलूप उघडणारा माणूस दरमहा पगारावर असावा लागतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणारा स्वप्नील कुसाळे, दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. बालेवाडीच्या या संकुलात त्याने वर्षानुवर्षे सराव केला, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींतील कांस्यपदक त्याच्या गळ्यात पडले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवल्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या मातीला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. खाशाबांना हेलसिंकीला जाण्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली होती. स्वप्नीलच्या वाट्याला निदान एक उघडे कुलूप आले.

तयार असणे, हाही वारसाच. २०१३ साली आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा चेन्नईत व्हावयाची होती. श्रीलंकेच्या खेळाडूंच्या सहभागावरून तिथल्या सरकारने नकार दिला, आणि ऐन जुलैच्या पावसात ती स्पर्धा बालेवाडीने अंगावर घेतली. विकास गौडाने थाळीफेकीत सुवर्ण मिळवले, आपल्या मुलींनी चार गुणिले चारशे मीटर शर्यत जिंकली. ३० जानेवारी २०२२ रोजी याच मैदानावर फिलिपिन्सच्या महिला फुटबॉलपटूंनी चायनीज तैपेईला पेनल्टींवर हरवून आपल्या देशाला पहिल्यांदाच विश्वचषकात नेले. मनिलाच्या एखाद्या घरात त्या रात्री पुणे हे नाव ज्या आनंदाने उच्चारले गेले असेल, त्याची कल्पना करण्यास मला आवडते.

क्रीडानगरीचे इतर उपयोगही नोंदवून ठेवण्याजोगे आहेत. करोनाच्या साथीत तिथे रुग्ण ठेवले गेले. मावळ लोकसभा मतदारसंघाची मतमोजणी तिथल्याच बॅडमिंटनच्या दालनात होते. म्हणजे परंदवडीच्या मतदाराने टाकलेले मत शेवटी ज्या छताखाली मोजले जाते, ते छत खेळासाठी बांधलेले आहे. मोठे, बंदोबस्ताला सोयीचे छप्पर सरकारला निकडीच्या वेळी हवे असते आणि ते असावे, याविषयी दुमत नाही. मात्र मतदानयंत्रे आली की सराव करणाऱ्या मुलांनी कुठे जावे, याची तजवीज त्याच हुकमात लिहिलेली असावी.

राहिली सायकल शर्यत. १९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत पुणे ग्रँड टूर ही ४३७ किलोमीटरांची आंतरराष्ट्रीय शर्यत जिल्ह्यातून धावली. तिने स्टेडियम मागितले नाही, जमीन मागितली नाही. मागितला तो गुळगुळीत रस्ता. ज्या रस्त्यांसाठी गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले होते त्यांतले कित्येक त्या काही आठवड्यांत डांबराने चकाकू लागले, आणि मुळशी-मावळातल्या शाळांची पोरे रस्त्याकडेला उभी राहून टाळ्या वाजवीत होती. परदेशी खेळाडूंच्या झुंडी वाऱ्यासारख्या निघून गेल्या, सगळे मिळून काही क्षणांचा खेळ. मावळाला मिळालेला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत समन्यायी वारसा आहे, असे मी म्हणेन. कारण त्या रस्त्यावरून दुसऱ्या दिवशी दुधाचे कॅन, गुलाबाच्या पेट्या आणि बाळंतीण घेऊन जाणारी रिक्षा, सगळेच गेले. परंतु मावळचा पाऊस धो धो कोसळणारा आहे. घाटमाथ्याच्या बाजूला तर त्याहून अधिक. बाजूच्या गटारांवाचून टाकलेले डांबर या पावसापुढे किती टिकते, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. शर्यतीसाठी वाटेतले गतिरोधक काढून टाकावे लागतात; शाळेसमोरचा तो उंचवटा शर्यतीनंतर परत बसला की नाही, हे पाहण्याचे काम ग्रामपंचायतीचे, बांधकाम खात्याचे की आणखी कोणाचे, हे कागदावर आधीच ठरलेले असावे.

इतरत्रही हीच कथा आहे. माँट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकचे कर्ज २००६ साली, तीस वर्षांनी फेडून संपवले. आपल्या गोव्याने २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धेसाठी आणि पुढे अनेकदा लांबलेल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी मैदाने बांधली. ती राष्ट्रीय स्पर्धा अखेर २०२३ च्या शरदात झाली आणि तिथे महाराष्ट्राने ८० सुवर्णांसह २२८ पदके मिळवून १९९४ नंतर प्रथमच अग्रस्थान परत घेतले. आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे ठरले आहे, आणि २०३६ च्या ऑलिंपिकचे स्वप्न दिल्लीच्या दरबारात पाहिले जात आहे. ते पाहणाऱ्यांनी मावळातल्या एखाद्या गावाच्या जत्रेतला आखाडा पाहावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. जत्रेच्या आधी तांबडी माती उकरतात, तीत तेल, ताक, हळद घालतात, ढेकळे फोडून ती मऊ करतात; जत्रेच्या दिवशी नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामाच्या कुस्तीपर्यंत जोड लागतात; आणि जत्रा उठली की तीच माती गावच्या तालमीतल्या पोरांकडे वर्षभर असते. माती कोणी राखावी याचा ठराव वेगळा करावा लागत नाही, कारण ज्यांना तीत पडायचे असते तेच ती राखतात.

गेल्या पंधरवड्यात, सामना नसलेल्या एका सकाळी, मी गहुंज्याला स्टेडियमच्या बाहेरच्या रस्त्याने जात होतो. दिवे बंद, फाटके बंद, पलीकडे द्रुतगती महामार्गाचा अखंड घोष. एका फाटकाच्या गजांतून आतल्या हिरवळीचा तुकडा दिसत होता. डोक्याला रुमाल गुंडाळलेला एक माळी नळीचे तोंड अंगठ्याने अर्धे दाबून पाणी पसरवीत, एकेक पाऊल मागे सरत होता. रस्त्याच्या अलीकडच्या खाचरात दोन बायका भाताच्या पेंढ्या बांधीत होत्या. बराच वेळ मी तिथे उभा होतो. माळ्याने नळी गुंडाळली, भिंतीच्या कडेचा कॉक बंद केला, तो पुन्हा एकदा आवळून पाहिला, आणि आत निघून गेला.